बडोद्यातील व्यवसायाच्या संकेतस्थळासाठी सर्च मार्केटिंगची साधने कशी निवडावीत

संकेतस्थळाचे नाव नोंदवून आठवडाही होत नाही तोच व्यावसायिकाचा फोन वाजू लागतो. मात्र पलीकडे ग्राहक नसतो, तर ‘गूगलच्या पहिल्या पानावर आणून देतो’ असे सांगणारा कोणीतरी असतो. त्याच्या बोलण्यात दोन-चार साधनांची नावे हमखास येतात. ज्याने आजवर डांडिया बाजारातील दुकान किंवा मकरपुरा जीआयडीसीतील कारखाना ओळखीवर आणि जुन्या गिऱ्हाइकांच्या जोरावर चालवला आहे, त्याला यातले कोणते साधन खरोखर लागते आणि कोणते केवळ विकणाऱ्याच्या सोयीचे आहे हे ठरवणे अवघड जाते. हा लेख अशा बडोदेकर व्यावसायिकांसाठी आहे. साधनांची जंत्री देण्यापेक्षा ती कोणत्या क्रमाने घ्यावीत यावर यात भर दिला आहे, कारण माझ्या पाहण्यात पैसा वाया जातो तो बहुधा चांगले साधन फार लवकर विकत घेतल्यामुळे.

पहिली पायरी: एका चौकशीची किंमत काढणे

सर्च मार्केटिंगमध्ये दोन निरनिराळी कामे येतात. एक म्हणजे पैसे देऊन दाखवली जाणारी जाहिरात, जिच्यावर ‘स्पॉन्सर्ड’ असे लिहिलेले असते. दुसरे म्हणजे पैसे न देता दिसणाऱ्या निकालांत वर येण्यासाठी केलेले काम, ज्याला एसइओ म्हणतात. काही एजन्सी ‘सर्च मार्केटिंग’ या नावाखाली फक्त जाहिरातीचे काम धरतात, काही दोन्ही धरतात, म्हणून दरपत्रक घेताना यातले नेमके काय मिळणार आहे हे लेखी विचारून घ्यावे.

दोन कल्पित व्यवसाय डोळ्यांसमोर ठेवू. एक मकरपुऱ्यातला, रासायनिक कारखान्यांसाठी पंप बनवणारा; त्याचे ग्राहक दहेज, अंकलेश्वर, हजिरा, वापी आणि पार पुण्यापर्यंत पसरलेले आहेत. दुसरे डांडिया बाजारातील फराळाचे दुकान, ज्याचे गिऱ्हाईक बहुतांशी शहरातले आहे आणि दिवाळीच्या सुमारास दुप्पट-तिप्पट होते. आता समजा, गूगल ॲड्सवर, म्हणजे गूगलच्या जाहिरात सेवेवर, रोजचे बजेट ५०० रुपये ठेवले. गूगल एखाद्या दिवशी त्याच्या दुपटीपर्यंत, म्हणजे १,००० रुपयांपर्यंत खर्च करू शकते, परंतु महिन्याचा खर्च रोजच्या बजेटच्या ३०.४ पटीपलीकडे, म्हणजे येथे १५,२०० रुपयांपलीकडे आकारला जात नाही. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर २,७३६ रुपये वाढतात. एका क्लिकला २० रुपये पडले आणि शंभर क्लिकपैकी दोघांनी चौकशी केली असे गृहीत धरले, तर ७६० क्लिकमधून सुमारे १५ चौकश्या येतील आणि एका चौकशीला जवळपास १,००० रुपये पडतील. पाचांतली एक चौकशी विक्रीत उतरली तर प्रत्येक विक्रीमागे जाहिरातीचा खर्च ५,००० रुपये झाला.

पंपवाल्याला हा आकडा सहज परवडेल. ४०० रुपयांचा फराळाचा डबा विकणाऱ्याला तो कोणत्याही साधनाने परवडणार नाही. यातले २० रुपये आणि दोन टक्के हे आकडे मी उदाहरणापुरते घेतले आहेत. आपले खरे आकडे पुढच्या पायऱ्यांतून मिळतील. पण हे गणित कागदावर मांडल्याशिवाय कोणत्याही साधनाचे सदस्यत्व घेऊ नये. फराळाच्या दुकानाने बहुधा जाहिरातीऐवजी नकाशावरील नोंदीवर आणि दिवाळीच्या घाऊक मागणीवर, म्हणजे कंपन्यांच्या भेटवस्तूंच्या ऑर्डरवर, लक्ष द्यावे, असे हेच गणित सांगते.

दुसरी पायरी: मोफत साधने, आणि ती आपल्याच नावावर

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. येथील साधने फुकट असतात म्हणून लोक ती एजन्सीवर सोपवून मोकळे होतात, आणि दोन वर्षांनी एजन्सी बदलायची वेळ आली की सगळा जुना तपशील तिच्याच खात्यात अडकलेला असतो.

प्रथम व्यवसायाच्या नावाने एक स्वतंत्र ईमेल खाते उघडावे. पुतण्याच्या किंवा नोकरी सोडून जाऊ शकणाऱ्या कर्मचाऱ्याच्या खाजगी खात्यावरून काहीही सुरू करू नये. त्या खात्यावर दुहेरी पडताळणी लावावी आणि संकेतस्थळाच्या नावाची, म्हणजे डोमेनची, नोंदणीही त्याच ईमेलवर आहे ना हे पाहावे. पुढची सर्व साधने या खात्याच्या मालकीची असतील. एजन्सीला किंवा कामाच्या माणसाला त्यांत फक्त वापरण्याची परवानगी द्यावी, जी कधीही काढून घेता येते.

त्यानंतर गूगल सर्च कन्सोल जोडावे. लोकांनी कोणते शब्द टाइप केल्यावर आपले संकेतस्थळ दिसले, किती वेळा दिसले, कितव्या क्रमांकावर दिसले आणि त्यातून किती क्लिक आले, हे थेट गूगलकडून सांगणारे हे एकमेव साधन आहे. त्यात मागील १६ महिन्यांचा तपशील राहतो, मात्र संकेतस्थळ जोडण्यापूर्वीचा फारसा मिळत नाही; म्हणून आज गरज वाटत नसली तरी ते आजच जोडावे. डोमेनच्या डीएनएस नोंदीत, म्हणजे ते नाव कोणत्या सर्व्हरकडे जाते याच्या नोंदीत, एक ओळ घालून पूर्ण डोमेनची मालकी सिद्ध करता येते. ते जमत नसेल तर मुखपृष्ठावर एक टॅग, म्हणजे कोडची छोटी ओळ, ठेवण्याचा सोपा मार्गही आहे. एक गोष्ट मात्र आधीच जाणून असावी. ज्या शब्दांचा शोध फार थोड्या लोकांनी घेतला, ते शब्द गोपनीयतेसाठी लपवले जातात, त्यामुळे शब्दवार क्लिकांची बेरीज एकूण क्लिकांशी जुळत नाही आणि त्यात कोणाचीही लबाडी नसते.

दुसरे साधन गूगल ॲनालिटिक्स ४, म्हणजे संकेतस्थळावर आलेले लोक तेथे काय करतात हे मोजणारे साधन. त्याची जुनी आवृत्ती युनिव्हर्सल ॲनालिटिक्स १ जुलै २०२३ पासून नवा तपशील घेत नाही, त्यामुळे एखाद्याने तिच्या कोडवर आधारलेले काम दाखवले तर तो माणूस अद्ययावत नाही असे खुशाल समजावे. नव्या खात्यात दोन गोष्टी लगेच बदलाव्यात. एक, तपशील राखून ठेवण्याची मुदत मुळात दोन महिने असते, ती चौदा महिने करावी. दोन, संकेतस्थळावरील फोन नंबरवर झालेला क्लिक, व्हॉट्सॲपच्या बटणावर झालेला क्लिक आणि भरलेला चौकशीचा फॉर्म या तिन्ही कृतींची महत्त्वाच्या घटना म्हणून नोंद होईल अशी व्यवस्था करावी. गूगल टॅग मॅनेजर हे तिसरे मोफत साधन त्यासाठीच वापरतात. आपल्याकडे बहुसंख्य ग्राहक फॉर्म भरत नाहीत, सरळ फोन लावतात; तेव्हा फोनच्या क्लिकची नोंद नसलेले ॲनालिटिक्स यशस्वी जाहिरातही अपयशी ठरवते. कार्यालयातील माणसांच्या स्वतःच्या भेटी वगळण्याची सोय आहे, तीही वापरावी.

चौथे साधन गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे नकाशावरील नोंद. २०२१ पर्यंत तिला गूगल माय बिझनेस म्हणत. फराळाच्या दुकानासाठी हे पहिल्या क्रमांकाचे साधन आहे, पंपवाल्यासाठी चौथ्या. वेळा, सणासुदीच्या सुट्ट्या, ताजी छायाचित्रे आणि ग्राहकांच्या अभिप्रायांना उत्तरे, एवढे नियमित केले तरी खूप झाले. किती जणांनी फोन केला आणि किती जणांनी दुकानाचा रस्ता विचारला, हेही तेथे दिसते.

या सर्वांच्या जोडीला एक कागदी वही ठेवावी असे मी आग्रहाने सुचवतो. फोन उचलणाऱ्याने ‘आमचा पत्ता कुठे मिळाला?’ एवढे विचारून तारखेसह लिहून ठेवायचे. ॲनालिटिक्सला फोनवरचे बोलणे ऐकू येत नाही, आणि सौदा तेथेच ठरतो.

तिसरी पायरी: ग्राहकाचे शब्द शोधणे

बडोद्यासारख्या शहरात ही पायरी जास्त गुंतागुंतीची आहे. शहराचे अधिकृत नाव १९७४ पासून वडोदरा आहे, परंतु बडोदा हे नाव बोलण्यातून आणि पाट्यांवरून गेलेले नाही. शोधणारा माणूस यांपैकी कोणतेही टाइप करतो. त्यातच कोणी गुजराती लिपीत शोधतो, कोणी गुजराती शब्द रोमन लिपीत लिहितो, कोणी हिंदीत, तर खरेदी विभागातला इंजिनिअर इंग्रजीत. म्हणून एका वस्तूसाठी एक शब्द धरून चालत नाही. नाव, लिपी आणि भाषा यांच्या जोड्या करून यादी बनवावी लागते.

यादी तपासण्यासाठी गूगल ॲड्समधील कीवर्ड प्लॅनर घ्यावा. त्यात देशाऐवजी फक्त वडोदरा शहर निवडून दर महिन्याचे शोध पाहता येतात. ज्या खात्यावर जाहिरातीचा खर्च होत नाही, त्याला नेमक्या आकड्याऐवजी १०० ते १ हजार, १ हजार ते १० हजार असे मोठे पट्टे दिसतात. सुरुवातीच्या निर्णयाला तेवढे पुरते: ज्या शब्दाचा पट्टाच खालचा आहे, त्याच्यासाठी मोठी योजना आखण्यात अर्थ नसतो. पंपवाल्याने मात्र छोट्या आकड्याला घाबरू नये. महिन्याला चाळीसच शोध होत असतील आणि ते चाळीसही खरेदी अधिकाऱ्यांचे असतील, तर ते चार हजार हौशी शोधांपेक्षा मोलाचे आहेत.

हंगाम समजण्यासाठी गूगल ट्रेंड्स वापरावे. त्यातला ० ते १०० हा आकडा शोधांची संख्या सांगत नाही. निवडलेल्या काळातील सर्वोच्च बिंदूला १०० मानून इतर दिवसांची तुलना दाखवतो. चणिया-चोळी विकणाऱ्याला नवरात्रीच्या किती आठवडे आधी लोक शोधू लागतात हे मागील पाच वर्षांच्या आलेखावरून ठरवता येते आणि त्याप्रमाणे जाहिरातीची तारीख बांधता येते. शहराच्या पातळीवर आलेख तुटक येत असेल तर गुजरात राज्याचा घ्यावा.

प्रतिस्पर्धी काय करतात हे पाहण्यासाठीही सुरुवातीला पैसे मोजावे लागत नाहीत. गूगलने २०२३ मध्ये सुरू केलेल्या ॲड्स ट्रान्स्परन्सी सेंटरमध्ये एखाद्या जाहिरातदाराचे नाव किंवा संकेतस्थळ टाकले की त्याच्या जाहिराती कोणालाही पाहता येतात.

चौथी पायरी: जाहिरातीचे खाते

जाहिरात चालवण्याचे मुख्य साधन अर्थातच गूगल ॲड्स. ऑक्टोबर २००० मध्ये ॲडवर्ड्स या नावाने ते सुरू झाले आणि २०१८ मध्ये त्याचे नाव बदलले. खाते उघडताना गूगल नवख्या माणसाला सोप्या, स्वयंचलित पद्धतीकडे वळवते. तेथे थांबून तज्ज्ञांसाठीची पद्धत निवडावी, कारण खालील नियंत्रणे नीट तिथेच मिळतात.

पहिले नियंत्रण ठिकाणाचे. वडोदरा निवडले तरी गूगल मुळात शहरात असलेल्यांबरोबरच शहराविषयी स्वारस्य दाखवणाऱ्यांनाही जाहिरात दाखवते. बडोद्याची माणसे जगभर पसरलेली असल्याने या एका खुणेचा परिणाम येथे मोठा होतो: परदेशी फराळ पाठवणाऱ्या दुकानाला तो फायद्याचा, पण घरी येऊन वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्याला तो निव्वळ तोट्याचा. दुरुस्तीवाल्याने ‘प्रत्यक्ष उपस्थिती’ हा पर्याय निवडावा.

दुसरे नियंत्रण शब्द जुळवण्याच्या प्रकाराचे. व्यापक (आपल्या शब्दांशी संबंधित शोधांनाही जाहिरात दिसते), वाक्यांश (आपल्या शब्दांचा अर्थ ज्यात आहे अशा शोधांना) आणि अचूक (नेमक्या त्याच अर्थाच्या शोधांना) असे तीन प्रकार आहेत, आणि मुळात व्यापक हा प्रकार लागू होतो. लहान बजेटवर वाक्यांश किंवा अचूक या प्रकारांनीच सुरुवात करावी आणि जाहिरात सुरू झाल्यावर दर आठवड्याला ‘सर्च टर्म्स’ हा अहवाल उघडून लोकांनी प्रत्यक्षात काय टाइप केले होते ते वाचावे. येथेच नको असलेले शब्द सापडतात. बडोदा हे नाव वापरणाऱ्या जाहिरातदाराने ‘बँक’ हा शब्द नकारात्मक यादीत, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात दिसू नये त्यांच्या यादीत, पहिल्याच दिवशी घालावा, कारण १९०८ साली सयाजीराव महाराजांनी स्थापन केलेली बँक आज देशभर पसरली आहे आणि तिच्या शाखा शोधणाऱ्यांचे क्लिक आपल्या खिशातून जाण्याचे कारण नाही. पंपवाल्याच्या यादीत नोकरी, पगार, सेकंड हँड, पीडीएफ, आकृती असे शब्द आणखी येतील. हे शब्द इंग्रजी, हिंदी आणि गुजराती अशा तिन्ही रूपांत घालावे लागतात.

तिसरे, ‘शिफारशी आपोआप लागू करा’ ही खूण बंद ठेवावी. गूगलच्या शिफारशी सगळ्याच वाईट नसतात, पण त्यांतल्या अनेक बजेट वाढवण्याकडे किंवा शब्द सैल करण्याकडे झुकतात, आणि त्या वाचून मगच स्वीकारणे हे मालकाचे काम आहे. शोधाच्या जाहिरातीबरोबर डिस्प्ले नेटवर्कची, म्हणजे इतर संकेतस्थळांवरही जाहिरात दाखवण्याची, जोडलेली खूणही आरंभी काढून टाकावी. परफॉर्मन्स मॅक्स हा प्रकार यूट्यूब, जीमेल, नकाशे आणि शोध अशा सर्व जागी एकाच वेळी जाहिरात चालवतो. चौकश्यांची नोंद पक्की होऊन काही महिने गेल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये.

पैशाची व्यवस्थाही येथेच लावून घ्यावी. खात्यात व्यवसायाचा जीएसटी क्रमांक भरावा, म्हणजे नोंदणीकृत व्यावसायिकाला भरलेल्या कराची वजावट मागता येते. जाहिरातीचे पैसे आपल्या कार्डावरून थेट गूगलला जावेत आणि एजन्सीने फक्त आपल्या कामाचे बिल द्यावे. दोन्ही एकाच रकमेत घेणाऱ्याकडून प्रत्यक्ष जाहिरातीवर किती खर्च झाला हे कळत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या जाहिरात सेवेचा विचार फराळाच्या दुकानाने सोडून द्यावा. पंपवाल्याने करावा, कारण कार्यालयातील संगणकांवर एज ब्राउझर आणि त्यात बिंग हे मायक्रोसॉफ्टचे शोधयंत्र आधीपासून आलेले असते आणि खरेदी विभागातला माणूस तेच वापरत असण्याचा संभव असतो. गूगलची मोहीम तेथे जशीच्या तशी आणता येते, तेव्हा थोड्या रकमेवर चाचणी घेणे सोपे आहे.

पाचवी पायरी: सशुल्क साधन घ्यायचे की नाही

सेमरश, एएचरेफ्स, मोझ ही या क्षेत्रातील परिचित नावे. प्रतिस्पर्धी कोणत्या शब्दांवर वर आहेत, त्यांना कोणत्या संकेतस्थळांवरून दुवे मिळाले आहेत, आपला क्रमांक रोज कसा बदलतो, हे ती दाखवतात. ही माहिती उपयोगी असते, पण तिच्यातले शोधांचे आणि भेटींचे आकडे हे अंदाज असतात, आणि हे अंदाज मुख्यतः देशाच्या पातळीवर बांधलेले असल्याने एका शहरापुरत्या व्यवसायाला त्यांचा आधार कमी मिळतो.

घेण्यापूर्वी साधनाची परीक्षा स्वतःच्या संकेतस्थळावर करावी. चाचणीच्या काळात आपले नाव टाकावे आणि ते साधन आपल्याला किती भेटी आणि कोणते शब्द दाखवते ते सर्च कन्सोलशी ताडून पाहावे. आपल्याबाबतीत जे साधन फार चुकते, ते शेजारच्या प्रतिस्पर्ध्याबाबतही तेवढेच चुकत असणार. एएचरेफ्स स्वतःच्या संकेतस्थळापुरती मोफत सेवा देते आणि संकेतस्थळाची तांत्रिक तपासणी करणारे स्क्रीमिंग फ्रॉग ५०० वेब-पत्त्यांपर्यंत फुकट चालते; फराळाच्या दुकानाची पाने तेवढी भरणारच नाहीत.

खर्चाच्या बाजूने आणखी काही बाबी पाहाव्या लागतात. दर डॉलरमध्ये असतो, त्यावर कार्डाचे चलन-बदलाचे शुल्क आणि कर लागतो. रिझर्व्ह बँकेचे आपोआप होणाऱ्या कार्ड वसुलीचे नियम ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले असून त्यांनुसार १५,००० रुपयांवरील प्रत्येक वसुलीला ग्राहकाची नव्याने संमती लागते. त्यामुळे वार्षिक सदस्यत्वाचे नूतनीकरण अनेकदा अडते आणि ऐन कामात खाते बंद पडते. सुरुवातीला मासिक दरानेच घ्यावे. एका दरात किती जणांना वापरता येते आणि सोडताना सगळा तपशील फाइलमध्ये उतरवून घेता येतो का, हेही आधी विचारावे.

माझे मत विचाराल तर, शहरापुरत्या दुकानाला सशुल्क साधनाची गरज बहुधा पडत नाही. देशभर विकणाऱ्या कारखान्याने ते तेव्हा घ्यावे, जेव्हा एखादा ठरावीक प्रश्न मोफत साधनांनी सुटत नाही आणि त्या साधनावर रोज बसणारा माणूस नेमलेला आहे.

सहावी पायरी: जिथे ग्राहक उतरतो ते पान

जाहिरातीचा क्लिक विकत घेतल्यावर पान उघडायला वेळ लागला तर पैसे वाया गेलेच. गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये पत्ता टाकून मोबाइलचा निकाल पाहावा. मुख्य मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसणे आणि बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद मिळणे, हे गूगलचे चांगल्या पानाचे निकष आहेत. मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी हे मोफत साधन लोक पानावर कुठे थांबतात आणि कुठून परत फिरतात याचे चित्रण दाखवते; फोन नंबर पानाच्या तळाशी गाडला गेला असेल तर ते तेथे दहा मिनिटांत लक्षात येते. असे साधन लावल्यास संकेतस्थळाच्या गोपनीयता धोरणात त्याचा उल्लेख करावा.

दर तीन महिन्यांनी

वहीतील चौकश्या, ॲनालिटिक्समधील फोन-क्लिक आणि गूगल ॲड्सचा खर्च हे तिन्ही आकडे एका तक्त्यात मांडावेत आणि पहिल्या पायरीवरचे गणित खऱ्या आकड्यांनी पुन्हा करावे. तिन्हींची मोजण्याची पद्धत निराळी असल्याने ते तंतोतंत जुळणार नाहीत. पाहायचे ते एवढेच, की तिन्ही एकाच दिशेने जात आहेत का. क्लिक वाढत असताना वहीतील चौकश्या घटत असतील तर प्रथम सर्च टर्म्सचा अहवाल आणि त्यानंतर उतरण्याचे पान तपासावे, बजेटला हात शेवटी लावावा. एजन्सीबरोबरची बैठकही याच तक्त्यावर घ्यावी आणि वापरकर्त्यांच्या यादीतून काम सोडून गेलेल्यांची नावे त्याच दिवशी काढावीत. ज्या सशुल्क साधनात मागील महिनाभर कोणी शिरलेलेच नाही, त्याचा तपशील उतरवून घेऊन पुढील बिलाच्या तारखेआधी त्याचे सदस्यत्व रद्द करावे.